छापून झालेल्या जगात परत जाताना

१९३७ साली टोल्किन यांचं ‘द हॉबिट’ पहिल्यांदा छापून आलं, तेव्हा त्यातला गॉलम आज आपण वाचतो तसा नव्हता. जमिनीखालच्या काळोख्या तळ्याकाठी तो कथानायक बिल्बोशी कोड्यांचा डाव मांडतो आणि बिल्बो जिंकला तर भेट म्हणून आपली अंगठी द्यायचं कबूल करतो. तो हरतो, अंगठी आणायला जातो, पण ती सापडत नाही. मग तो बिचारा बिल्बोची पुन्हा पुन्हा माफी मागतो आणि अंगठीच्या बदल्यात त्याला बाहेर पडायची वाट दाखवतो. खुनशी नजरेचा, ‘चोर, चोर’ म्हणत मागे लागणारा गॉलम त्या पुस्तकात नाहीच.

पुढे टोल्किन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहायला बसले आणि ती साधी अंगठी अशी काही भयंकर झाली, की एकदा जवळ आलेली ती कुणाला आपणहून देता येईना. मग गॉलमने ती पैजेवर लावली कशी? टोल्किननी ते प्रकरण नव्याने लिहून १९४७ मध्ये प्रकाशकांना नमुन्यादाखल पाठवलं आणि १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते छापलं गेलं. इथवर हे कुठलाही काटेकोर लेखक करेल. थक्क करतं ते पुढचं. जुनी हकीकत त्यांनी पुसून टाकली नाही. मोठ्या कादंबरीत ते सांगतात की ती पहिली हकीकत म्हणजे बिल्बोने रचलेली थाप होती. अंगठीवर आपला हक्क आहे हे पटवून देण्यासाठी तो सरळमार्गी हॉबिट खोटं बोलला, आणि त्या खोटेपणावरूनच जादूगार गँडाल्फला अंगठीचा संशय आला. लेखकापुढची अडचण कथेतला पुरावा होऊन बसली! १९३७ ची आवृत्ती घरात असलेल्या माणसाच्या हातात बिल्बोची थापच आली म्हणायची.

आधीच छापून झालेल्या जगाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न फँटसीच्या मालिका वाचणाऱ्याला कधी ना कधी भेटतोच. एका मालिकेत वीस-तीस वर्षं सहज जातात. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ १९९० मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये ते गेले आणि चौदावा, शेवटचा खंड ब्रँडन सँडरसन यांच्या हातून २०१३ मध्ये पुरा झाला. एवढ्या काळात लिहिणारा माणूस तोच राहत नाही. त्याने छापलेलं जग मात्र होतं तिथेच असतं. बहुतेक लेखक मग ते जग रुंदावत नेतात: आणखी राज्यं, आणखी लढाया, आणखी जाड खंड. पाया उकरायला कुणी धजत नाही. अर्सुला ले ग्विन धजल्या, आणि म्हणूनच माझ्या लेखी ‘अर्थसी’ ही फँटसीतली सर्वांत मोठी मालिका आहे, पानं मोजली तर ती लहानच असली तरी.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ चं. समुद्रात विखुरलेली असंख्य बेटं. प्रत्येक वस्तूला, प्रत्येक प्राण्याला एक खरं नाव, आणि ते ठाऊक असणं हीच जादू. नायक गेड तांबूस-सावळ्या कातडीचा. त्या काळच्या इंग्रजी फँटसीत हेसुद्धा धाडसच होतं. पुढे १९७१ आणि १९७२ मध्ये आणखी दोन पुस्तकं आली. तिसऱ्यात, ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये, गेड मृतांच्या प्रदेशात उतरतो. दगडांच्या बुटक्या भिंतीपलीकडची ती कोरडी भूमी. तिथे सूर्य नाही, वारा नाही. एकमेकांवर जीव टाकलेली माणसं तिथल्या रस्त्यांवर अनोळखी असल्यासारखी शेजारून निघून जातात. मृत्यूचं इतकं भेदरवणारं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्रयी पुरी झाली, नावाजली गेली. आणि अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ले ग्विन त्याच जगात परतल्या. ‘तेहानू’ची नायिका आहे टेनार, दुसऱ्या पुस्तकातली पुजारीण, आता शेतकऱ्याची प्रौढ विधवा. तिच्या पदरात आगीत होरपळलेली एक मुलगी आहे. महाजादूगार गेड सगळी शक्ती गमावून परततो आणि शेळ्या राखू लागतो. काही वाचक नाराज झाले. पण ले ग्विन आपल्याच जगाला विचारत होत्या: रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत फक्त मुलगेच का? बायकांची जादू म्हणजे कमकुवत नाही तर दुष्ट, असं इथे सगळे का मानतात? याचं उत्तर २००१ च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’त आलं. ती शाळा स्थापन करणाऱ्यांत बायकाही होत्या, त्यांना नंतर बाहेर ठेवण्यात आलं. आधीच्या पुस्तकांतला एक शब्दही न बदलता त्यांचा अर्थ फिरला. तिथले जादूगार जे सांगत आले, तो त्यांचा समज होता, त्या जगाचं सत्य नव्हे.

पण खरी कमाल ‘द अदर विंड’मध्ये आहे, तेही २००१ चंच. (पुढचा परिच्छेद शेवट उघड करतो, तेव्हा ज्यांना नको असेल त्यांनी तो खुशाल गाळावा.)

ती कोरडी भूमी निसर्गाची नव्हतीच. फार पूर्वी माणसं आणि ड्रॅगन एकच होते. मग वाटण्या झाल्या: माणसांनी वस्तू आणि जमीन घेतली, ड्रॅगननी वारा आणि मोकळीक. पण अमरत्वाच्या हव्यासापायी जादूगारांनी ड्रॅगनच्या वाट्याच्या प्रदेशातला तुकडा चोरला आणि त्याला मंत्रांची भिंत घातली. भिंत पुरी होताच आतला वारा पडला. आता मृतांनाच तिथून सुटायचंय आणि ते भिंतीशी येऊन जिवंतांना हाका मारतायत. या भूमीत कधीही न गेलेली माणसं कोण? कार्गाडचे लोक, ज्यांना जादूगार अडाणी समजत आले, कारण ते पुनर्जन्म मानतात. १९७१ च्या पुस्तकात टेनारला लहानपणी आईवडिलांपासून नेलं होतं ते याच श्रद्धेपोटी, मेलेली पुजारीण तिच्या रूपाने परत आली असं समजून. तेव्हा निव्वळ परक्या मुलखाचा रिवाज वाटलेली गोष्ट तीस वर्षांनी सगळ्या कोड्याची किल्ली ठरते. आणि शेवटी माणसं, ड्रॅगन आणि मृत मिळून ती भिंत पाडतात.

हे सगळं १९६८ मध्ये ठरलेलं होतं का? मुळीच नाही. १९९० मध्ये ‘तेहानू’च्या मुखपृष्ठावर अर्थसीचं हे शेवटचं पुस्तक असल्याचं छापलं होतं, आणि ते तसं नव्हतं हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं. म्हणजे लिहिलेलं आपणच पुन्हा वाचत, त्यातल्या फटी धुंडाळत, त्यांतून त्या खोल उतरत गेल्या. टोल्किननी निदान एक प्रकरण नव्याने लिहिलं. ले ग्विन यांनी तेही केलं नाही.

अर्थसी वाचायला घ्याल तर ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने वाचा. सगळी मिळून सहा पुस्तकं, आणि पहिली तीन तर चांगलीच आटोपशीर. एवढीच विनंती, की तिसऱ्यापाशी थांबू नका. ‘तेहानू’चा संथपणा सुरुवातीला खटकला तरी पुढे जा.