सुट्टीचे पॉइंट विकत घेण्याआधी

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काही आपल्या कामाचं नाही. थंड हवेच्या ठिकाणचं रिसॉर्ट, त्याचं पंचवीस वर्षांचं सभासदत्व, हे शहरातल्यांचं. पण परळीतून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुलं, लेकी, सुना आपल्याच आहेत. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर त्यांच्याकडून कुपन भरून घेतात, मग "तुम्हाला बक्षीस लागलंय" असा फोन येतो. आणि दोन-तीन लाखांची गोष्ट निघाली की दुसरा फोन आपल्याला येतो, "आई, तुझी एफडी मोडता येईल का?" त्या वेळी काय विचारायचं, ते आज बघू.

या प्रकाराला टाइमशेअर म्हणतात. एकच खोली, पण वर्षभरात ती वेगवेगळ्या कुटुंबांनी पाळीपाळीनं वापरायची. पूर्वी ठरलेला आठवडा मिळायचा. आता बऱ्याच ठिकाणी आठवड्याऐवजी पॉइंट देतात. पॉइंट म्हणजे काय, हे आपल्या भांड्यांवरून समजून घेऊ.

समजा आपल्या बचत गटानं लग्नकार्याची मोठी भांडी घेतली. पातेली, कढया, पराती, सतरंज्या. वैशाखात सगळ्यांनाच ती हवीत, पितृपंधरवड्यात कुणालाच नकोत. मग गटानं ठरवलं की प्रत्येकीला वर्षाला 100 गुण. वैशाखात भांडी नेली तर दिवसाला 50 गुण जाणार, भादव्यात 10. ज्या बाईच्या घरी मे महिन्यात लग्न आहे तिचे गुण दोन दिवसांत संपतील. जिला भादव्यात चालतं तिला दहा दिवस मिळतील. पॉइंटचं गणित एवढंच आहे. वर्षाला 1000 पॉइंट मिळाले आणि मे महिन्यात महाबळेश्वरच्या खोलीला रात्रीला 200 लागत असतील, तर पाच रात्री. पावसाळ्यात त्याच खोलीला 80 लागत असतील, तर बारा रात्री. शनिवार-रविवारी जास्त, खोली मोठी असेल तर आणखी जास्त. (आपल्या परळीत महाशिवरात्रीला लॉजचा भाव काय होतो, ते आठवा. तोच न्याय.)

आता फरक बघा, कारण खरी गोम इथं आहे. गटाची भांडी आपल्या मालकीची. कोणत्या महिन्याला किती गुण, हे आपण बैठकीत ठरवतो, पटलं नाही तर भांडतो. कंपनीच्या योजनेत रिसॉर्ट कंपनीचं, आणि पॉइंटचा तक्ताही कंपनीच करते. तुमचे 1000 पॉइंट कागदावर 1000 च राहतील, पण करारात तशी मुभा ठेवली असेल तर मे महिन्याच्या रात्रीचा भाव 200 वरून 250 करता येतो. पॉइंट तेवढेच, सुट्टी पाचावरून चार रात्रींवर. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: पॉइंटचा तक्ता बदलायचा अधिकार कुणाला, आणि किती?

दुसरी गोष्ट मालकीची. विकणारा म्हणेल, "तुम्ही मालक होणार." परदेशात काही योजनांत खरोखर दस्त होतो, पण त्यालाही कधी कधी मुदत असते. अमेरिकेत डिस्नेनं 1991 साली पॉइंटवर चालणारा क्लब सुरू केला, त्याच्या पहिल्या रिसॉर्टचे मूळ करार 2042 पर्यंतचे होते. आपल्याकडे साधारणपणे मिळतो तो फक्त वापरण्याचा हक्क. महिंद्राची सुट्टी योजना 1996 पासून चालू आहे, तिचं नेहमीचं सभासदत्व 25 वर्षांचं आणि हंगामांना रंगांची नावं. असं सभासदत्व घेतलं म्हणून रिसॉर्टच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागत नाही, भिंतीतली एक वीटही आपली होत नाही. मुदत संपली की हक्क संपला. ज्याला दरवर्षी फिरायचंच आहे आणि हे सगळं समजून घ्यायचं आहे, त्यानं खुशाल घ्यावं. पण त्याला "प्रॉपर्टी" म्हणू नये आणि "गुंतवणूक" तर मुळीच म्हणू नये.

आता पैशाचा हिशेब. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या कागदावरचे आकडे घालून तुम्ही हाच हिशेब करा. समजा सभासदत्व 3,00,000 रुपयांचं, मुदत 25 वर्षं, वर्षाला 7 रात्री. विकणारा लगेच भागाकार करून दाखवतो: 175 रात्री, म्हणजे रात्रीला साधारण 1,714 रुपये. एवढ्यात बरी खोली कुठं मिळते, असं आपल्यालाही वाटतं. पण वर्षाची देखभाल फी त्यानं धरलेली नसते. ती जाऊ अगर न जाऊ, भरावीच लागते. समजा ती 15,000 आहे. 25 वर्षांची झाली 3,75,000. म्हणजे मूळ किमतीपेक्षा जास्त! एकूण 6,75,000 भागिले 175, रात्रीला 3,857 रुपये. आणि घरात बाळंतपण निघालं, आजारपण आलं, सुट्टी मिळाली नाही, असं करत 25 पैकी 13 वर्षंच जाणं झालं, तर रात्र पडली 7,400 च्या वर. यात फीची दरवर्षीची वाढ नाही, त्यावरचा कर नाही, हप्त्यावर घेतलं असेल तर व्याज नाही. प्रवास आणि जेवण तर वेगळंच.

आता तेच 3,00,000 बँकेत ठेवले आणि 6 टक्के व्याज धरलं, तर वर्षाला 18,000 येतात. त्यात जी 15,000 फी भरणार होतो ती घाला. वर्षाला 33,000 रुपये फिरायला, कुठंही, केव्हाही, आणि तीन लाख जागच्या जागी. ही तुलना विकणारा कधी करून दाखवत नाही.

बुकिंगचंही विचारा. पॉइंट हातात आहेत म्हणजे खोली मिळालीच असं नाही. मुलांच्या परीक्षा एकाच वेळी संपतात, त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात सगळे सभासद एकाच वेळी मागतात. किती महिने आधी बुकिंग उघडतं? न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षी जातात की बुडतात? पुढच्या वर्षाचे आधी वापरता येतात का? दुसऱ्या कंपनीच्या रिसॉर्टमध्ये अदलाबदल करता येते असं सांगतात, त्याची फी वेगळी असते का? आणि सभासदाचं काही बरंवाईट झालं, तर हक्क कुणाच्या नावावर होतो आणि राहिलेली फी कुणाच्या डोक्यावर बसते? आपल्या बायकांच्या दृष्टीनं हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, आणि तोच कुणी विचारत नाही.

विक्रीची रीत ओळखून ठेवा. हॉटेलात जेवायला बोलावतात, काहीतरी भेट देतो म्हणतात आणि अट घालतात, "नवरा-बायको दोघांनी यायचं." ही अट का, याचा विचार करा. एकटं कुणी असलं की ते सहज म्हणतं, "घरी विचारून सांगते." दोघंही समोर बसले की ती वाट बंद होते. मग दोन-तीन तास गोड बोलणं, सुंदर फोटो, आणि शेवटी "ही सवलत आजच्या आजच." आजच सही करा म्हणणाऱ्याकडे उद्या जा. सही झालीच असेल, तर किती दिवसांत रद्द करता येतं आणि किती कापून घेतात, ते करारात त्याच रात्री बघा. युरोपात अशा सौद्यातून बाहेर पडायला कायद्यानं 14 दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात जे लिहिलं असेल तेच. तोंडी दिलेला शब्द कागदावर मागा. तो लिहून देत नसेल, तर तो शब्द नाहीच असं धरा.

इथपर्यंत झालं ते सुट्टी विकणाऱ्या योजनेचं. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, आणि तो गावागावांत पोचतो. "फिरायला जा, नाही गेलात तर मुदत संपल्यावर पैसे वाढून परत." हे वाक्य ऐकलं की ती सुट्टीची योजना राहिली नाही, ती ठेव झाली. लोकांचे पैसे गोळा करून नफ्याच्या आशेवर दुसऱ्यानं चालवायची योजना असेल, तर तिला सेबीकडे नोंदणी लागते. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीनं हॉटेलातल्या रात्री विकल्या. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम मिळणार होती, आणि बहुतेकांचा डोळा त्याच रकमेवर होता. 31 जुलै 2014 ला सेबीनं आदेश काढला, तेव्हा आकडा पुढं आला: सुमारे 51 लाख गुंतवणूकदार आणि 7,035 कोटी रुपये. फेब्रुवारी 2016 मध्ये पैसे परत करण्याचा आदेश झाला. पुढं मालमत्तांचे लिलाव, अपिलं, आणि 2022 मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आदेश निघणं आणि पैसे हातात पडणं यात किती अंतर असतं, ते यावरून कळतं. अशा योजनांचा एजंट बाहेरचा नसतो. तो आपल्यातलाच कुणी, भाऊबंद, शेजारी, कधी कधी गटातलीच बाई असते. तिचीही रक्कम त्यात अडकलेली असते, म्हणून तिच्या बोलण्यात खोटेपणा दिसत नाही.

आणखी एक. ज्यांनी आधीच पॉइंट घेतलेत त्यांना फोन येतात, "तुमचे पॉइंट आम्ही विकून देतो, आधी फाइलचा खर्च भरा." पैसे मिळायच्या आधी पैसे मागणाऱ्याला फोनवरच नकार द्या. ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

आणि फसवणूक झालीच, सांगितलेलं एक आणि निघालं दुसरं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे. कंपनी मुंबईची असो की चेन्नईची, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे परळीच्या बाईनं बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. "पैसे वाढवून देतो" म्हणून घेतलेली रक्कम असेल तर पोलिसांकडे जा. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राचा 1999 चा वेगळा कायदा आहे, त्याखाली गुन्हा नोंदवता येतो. सोबत करार, पावत्या, बँकेचं पासबुक आणि मोबाइलवरचे मेसेज घ्या. मेसेज पुसू नका, जमलं तर त्यांची छापील प्रत काढा, कारण तोंडी दिलेल्या शब्दाचा पुष्कळदा तेवढाच पुरावा हातात असतो.