महागड्या गिटार ॲम्पमध्ये नेमके काय महाग असते?

विद्युत गिटार हे एकटे असताना अर्धेच वाद्य असते. तारेच्या कंपनामुळे तिच्याखालच्या ‘पिकअप’मध्ये, म्हणजे चुंबकाभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळून केलेल्या वेटोळ्यात, जो क्षीण विद्युत्संकेत उमटतो, तो ॲम्प्लिफायरने वाढवून लाउडस्पीकरपर्यंत पोहोचवावा लागतो, आणि वाढवता वाढवता ॲम्प त्याचे रूपही बदलतो, किंबहुना त्याने ते बदलावे अशीच वादकाची इच्छा असते. दिवाणखान्यातल्या संगीतयंत्रणेने मूळ ध्वनीशी इमान राखावे लागते, तर गिटारच्या ॲम्पचे मोल त्याच्या बेइमानीच्या प्रतीवर ठरते. त्यामुळे काही हजारांत मिळणारा ॲम्प आणि काही लाखांना विकला जाणारा ॲम्प यांच्यातील अंतर मापनयंत्रे पुरते सांगू शकत नाहीत, आणि किमतीचा बराचसा खेळ नेमका याच जागी चालतो.

महागड्या ॲम्पच्या पोटात बहुधा व्हॉल्व्ह असतात. जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून ज्या काचेच्या नळ्या तांबूस उजळलेल्या दिसत, त्याच या. नळीतील तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वाटेतल्या जाळीवर दिलेल्या लहानशा व्होल्टेजने त्यांचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो, एवढेच तिचे तत्त्व. साध्या ट्रान्झिस्टर मंडलाला कुवतीबाहेर ढकलले की तरंगाचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो; व्हॉल्व्हमध्ये तो तुलनेने हळूहळू, गोलाई राखून दबतो, आणि मूळ स्वरासोबत उपस्वरांचा थवा उठतो. तंबोऱ्याची जवारी लावताना मिरजेचा कारागीर हाडाच्या घोडीचा माथा घासून तारेला ज्या उपस्वरांनी बोलती करतो, त्याच्याशी या परिणामाचे नाते जोडता येते, मात्र येथे हाडाचे काम वीज करते. त्यात आणखी एक बारकावा असा की, जुन्या घडणीच्या ॲम्पमध्ये प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतरही व्हॉल्व्हच करतो, म्हणून तार जोरात छेडली की क्षणभर व्होल्टेज खचते, स्वर आधी दबतो आणि मग फुलून वर येतो. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला हे सहसा कळत नाही, वादकाच्या बोटांना मात्र लगेच कळते.

अशा ॲम्पची मंडले कधीच गुपित नव्हती. लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेलमध्ये वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल या ड्रमवादकाकडे १९६०च्या सुमारास येणाऱ्या तरुणांना अमेरिकी फेंडर ॲम्प हवे असत, परंतु आयात माल त्यांच्या खिशाला झेपत नसे. तेव्हा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांनी फेंडर कंपनीच्या ‘बॅसमन’चे मंडल जवळजवळ जसेच्या तसे उचलून १९६२ मध्ये ‘जेटीएम४५’ तयार केला. रॉक संगीताला ज्याच्या आवाजाने चेहरा दिला तो ॲम्प अशा रीतीने स्वस्ताईसाठी केलेली नक्कल म्हणून जन्माला आला, ही गोष्ट आजच्या किमती पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नक्कल असूनही त्याचा आवाज बॅसमनसारखा आला नाही. सुटे भाग ब्रिटनमध्ये मिळणारे होते, पहिल्या टप्प्यातील व्हॉल्व्ह अधिक वर्धन करणारा होता. पण मोठा फरक पेटीचा होता. फेंडरच्या, मागून उघड्या पेटीत दहा इंची चार लाउडस्पीकर होते, मार्शलने बारा इंची चार सेलेस्टियन लाउडस्पीकर बंद पेटीत बसवले. गिटारचा लाउडस्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचे ध्वनी झपाट्याने कमी करतो, आणि ही उणीवच त्याचा गुण ठरते, कारण तोच विस्कटलेला संकेत सर्व ध्वनी प्रामाणिकपणे देणाऱ्या लाउडस्पीकरवर सोडला तर गांधीलमाश्यांचे पोळे फुटल्यासारखे ऐकू येते. मर्यादित पैशांत आवाज बदलायचा असेल तर लाखमोलाचा नवा ॲम्प घेण्याआधी लाउडस्पीकर बदलून पाहणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. विक्रेते तो क्वचितच सुचवतात.

किंमत नेमकी कशाची, या प्रश्नाचे फेंडरचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हे बोलके उदाहरण आहे. साठच्या दशकातील हा बावीस वॉटचा, एका बारा इंची लाउडस्पीकरचा ॲम्प कंपनीने अलीकडे तीन रूपांत विकला: मुद्रित मंडलपट्टीवर यंत्राने भाग बसवलेला, हाताने तारा जोडलेला, आणि २०१९ मध्ये आलेला ‘टोन मास्टर’ हा व्हॉल्व्हच नसलेला डिजिटल. शेवटच्यात संगणकीय चिप जुन्या मंडलाचे वागणे गणिताने उभे करते. त्याचे वजन साडेदहा किलोच्या आसपास, म्हणजे व्हॉल्व्हवाल्याच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक आहे, आणि हातजोडणीचा ॲम्प त्याच्या दुपटीहून महाग पडतो. ही दुप्पट कानासाठी मोजली जाते असे म्हणणे धाडसाचे होईल. ती मोजली जाते ती कारागिराच्या तासांसाठी, चांगल्या ट्रान्सफॉर्मरसाठी आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी. हाताने जोडलेल्या ॲम्पची पेटी उघडली की प्रत्येक रोधक आणि कॅपॅसिटर वेगळा दिसतो, बिघडलेल्या भागाचा डाग वितळवून तो काढता येतो आणि काही रुपयांचा नवा भाग बसवता येतो. साठ वर्षांपूर्वीचे ॲम्प आज वाजतात ते याच कारणाने. डिजिटल ॲम्पमधील चिप वीस वर्षांनी मिळेल की नाही, याची हमी कोणी देत नाही. रोज रात्री मंचावर वाजवणाऱ्याला हा हिशेब परवडतो, महिन्यातून दोनदा गिटार हाती घेणाऱ्याला परवडत नाही.

हॉवर्ड अलेक्झांडर डंबल यांच्या ॲम्पना मात्र हा हिशेबही लागू पडत नाही. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या या कारागिराने आयुष्यभरात सुमारे तीनशेच ॲम्प घडवले. वादकाचे वाजवणे ऐकून त्याच्या हाताला साजेल असा ॲम्प ते जुळवत आणि नकलाकारांना दिसू नये म्हणून मंडलाच्या नाजूक भागावर राळेचा जाड थर ओतत. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ॲम्प एक लाख डॉलरच्या पुढेही विकले गेले आहेत. चिकाटीच्या तंत्रज्ञांनी राळ खरवडून आतले आराखडे केव्हाच बाहेर काढले, त्यांवरून बनवलेल्या नकला बाजारात आहेत, तरी मूळ ॲम्पची किंमत उतरली नाही. ती किंमत मंडलाची नव्हतीच. चित्रावरच्या सहीला जी किंमत येते, तीच येथे एका माणसाच्या हाताला आली आहे.

उलट बाजूची साक्षही भक्कम आहे. ‘द किंक्स’ या रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये एका स्वस्त, छोट्या ॲम्पच्या लाउडस्पीकरचा कागदी पडदा दाढीच्या पात्याने चिरून आपला खरखरीत आवाज मिळवला. ‘क्वीन’ या बँडचे जॉन डिकन यांनी कचऱ्यात सापडलेल्या ट्रान्झिस्टरच्या मंडलपट्टीपासून जो बॅटरीवरचा ॲम्प केला, त्यातून त्याच बँडच्या ब्रायन मे यांनी गिटारचे कितीतरी थर मुद्रित केले.

भारतीय ग्राहकाला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अमेरिकेतून हौसेने आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प येथे २३० व्होल्टवर सरळ जोडला तर जळतो, म्हणून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. आणि व्हॉल्व्हची गोडी बहुधा ॲम्प बराच चढवल्यावरच येते, जे मुंबईतील सदनिकेत शेजारी चालू देणार नाहीत. शंभर वॉटचा ॲम्प पन्नास वॉटच्या दुप्पट मोठा ऐकू येतो हा समजही चुकीचा आहे: तो फरक तीन डेसिबलचा, जेमतेम जाणवणारा असतो, आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात आणि अधूनमधून बदलावे लागतात. त्यांचे मोठे कारखाने आता स्लोव्हाकिया, चीन आणि रशियातील साराटोव्ह अशा मोजक्या ठिकाणी उरले आहेत, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धापायी रशियन निर्यात काही काळ अडली तेव्हा एक लाख डॉलरचा ॲम्प बाळगणारे आणि साधा ॲम्प वाजवणारे, दोघेही त्याच काचेच्या नळ्यांचा साठा शोधत होते.