तीन मिलिमीटरची फट

पोलादी शेडचं मॉडेल साध्या अ‍ॅनालिसिसमध्ये बिनतक्रार सुटलं होतं. सगळे कॉलम पास. मग सेकंड ऑर्डर अ‍ॅनालिसिस, म्हणजे आमच्या बोलीत पी-डेल्टा, लावलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: उत्तर कन्व्हर्ज होत नाही. ऑफिसातल्या नव्या पोराने फेऱ्यांची मर्यादा 10 वरून 100 केली. लाल अक्षरं पुन्हा आली, फक्त जरा उशिरा.

साधं अ‍ॅनालिसिस एक सोयीचं खोटं धरून चालतं. भार पडल्यावर सांगाडा वाकतो, पण हिशेब मात्र तो सरळ उभा असल्यासारखाच होतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा. मान ताठ आहे तोवर वजन सरळ पायांत उतरतं. जरा कलली की तोच हंडा तिला आणखी कलवतो. कॉलमचंही तसंच. समजा, वाऱ्याने माथा 20 मिलिमीटर सरकला. त्या सरकण्यामुळे वरचं वजन त्याला आणखी 4 ढकलतं, त्यामुळे आणखी 0.8, मग 0.16... बेरीज 25 वर येऊन थांबते. हे थांबणं म्हणजेच कन्व्हर्ज होणं. दर फेरीची भर आधीच्यापेक्षा मोठी निघाली तर बेरीज थांबतच नाही. या वजनाखाली हा सांगाडा उभा राहणार नाही, असं संगणक सांगत असतो. निदान त्याला जो दिला तो सांगाडा.

म्हणून फेऱ्या वाढवण्याआधी मी बकलिंग अ‍ॅनालिसिस चालवतो आणि आकड्यांपेक्षा सांगाड्याला बाक कसा येतो, तो आकार पाहतो. त्या शेडमध्ये कोपऱ्यातला एकच कॉलम धनुष्यासारखा वाकलेला दिसला, बाकी सगळे ताठ. त्याला अर्ध्या उंचीवर धरणारा टाय झूम करून पाहिला, तर टायचं टोक कॉलमच्या नोडपासून, म्हणजे मॉडेलमधल्या जोडबिंदूपासून, 3 मिलिमीटर अलीकडेच थांबलेलं! डोळ्यांना जोडलेलं, हिशेबात अधांतरी. दुसऱ्या टोकाला टाय शेजारच्या कॉलमला पक्का होता, त्यामुळे साध्या अ‍ॅनालिसिसला काहीच खटकलं नव्हतं. पण मधला आधार गेला की कॉलमची मोकळी लांबी दुप्पट होते, आणि लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे त्याला बाक न येता पेलवणारं वजन चौथाईवर येतं. दोन्ही नोड एक केले. चार-पाच फेऱ्यांत उत्तर आलं.

मला खरी धास्ती वाटते ती निमूटपणे कन्व्हर्ज होणाऱ्या मॉडेलची. वजनाचं उत्तर वेगळं, वाऱ्याचं वेगळं काढायचं आणि शेवटी गुणून-मिळवून टाकायचं, ही जुनी सवय पी-डेल्टात चालत नाही. वरच्याच उदाहरणात वजन आणि वारा दोन्ही दुप्पट करा: माथा 50 ऐवजी जवळपास 67 मिलिमीटर सरकतो, आणि त्यासाठी पडद्यावर एकही लाल अक्षर उमटत नाही. तेव्हा आधी भार एकत्र करा, आणि मग प्रत्येक लोड कॉम्बिनेशनवर पी-डेल्टा स्वतंत्र चालवा.