वाचलेले अकरा हजार

"वन्सं, अकरा हजार वाचवले हो पोरानं!" फोनवर वहिनीचा आनंद आवाजात मावत नव्हता. भाच्याला लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू करायचा होता. वहिनीने भिशीचे पैसे काढले, दोन बांगड्या मोडल्या. सांगलीच्या दुकानात कॅमेरा होता ६२,००० रुपयांना. तोच मुंबईच्या एका गल्लीत ५१,००० ला मिळाला. पोरगा महालक्ष्मी एक्सप्रेसने गेला नि दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन परत आला. डबा सीलबंद, माल अस्सल. मग काळजी कसली?

काळजी चौथ्या महिन्यात कळली. ओळखीतल्याच एका लग्नात अंतरपाट दूर झाला आणि नेमकं तेव्हाच शटर अडकलं. माळा घालतानाचे फोटो कुणाच्या तरी मोबाइलवरचे. मुलीच्या वडिलांनी निम्मेच पैसे दिले. त्यांचं तरी काय चुकलं?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने कॅमेऱ्याखालचा नंबर पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, "हा भारतात विक्रीसाठी आलेलाच नाही. वॉरंटी लागू नाही. दुरुस्तीचे १४,००० होतील." मुंबईचा दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, बघतो." पण पावती देईना. आणि बिल? साध्या कागदावर खरडलेलं!

मैत्रिणींनो, याला म्हणतात ग्रे मार्केट. आपल्या आईच्या पिढीला 'फॉरेनच्या' मालाचं अप्रूप होतं, तेव्हा तो इथे सहजी मिळत नव्हता. आज मिळतो, तरी हा चोरवाटेचा बाजार टिकून आहे तो स्वस्ताईमुळे. माल बनावट नसतो. तो दुसऱ्या देशातल्या विक्रीसाठी बनलेला असतो आणि कंपनीच्या अधिकृत आयातदाराला वगळून इथे येतो. भारतातल्या विक्रीचा नि दुरुस्तीचा खर्च त्यावर चढलेला नसतो, काही वेळा करही बुडवलेला असतो. म्हणून तो स्वस्त. वॉरंटी मात्र बहुधा कंपनीने ज्या देशात विकला त्या देशापुरतीच. काही वस्तूंवर ती जगभर चालते, पण तसं कार्डावर छापलेलं असलं पाहिजे. दुकानदार शिक्का मारून देतो ती 'दुकानाची गॅरंटी'. तिचा कंपनीशी काही संबंध नाही. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या काही कॅमेऱ्यांत तर मेनूही फक्त जपानी भाषेत असतो!

मग घेताना काय पाहावं?

डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. २०११ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार ते बंधनकारक आहे.

डब्यावरचा, कॅमेऱ्यावरचा आणि बिलावरचा असे तिन्ही नंबर जुळवावेत. बिलावर नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये.

बिल पक्कंच घ्यावं. त्यावर पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. "बिलाशिवाय घेतलंत तर कमी करतो," असं कुणी म्हणालं, की तिथेच हात जोडावेत.

"वॉरंटी कुणाची, कंपनीची की तुमची?" हे दुकानात स्पष्ट विचारावं. शक्य तर पैसे देण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगावा.

फसगत झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. पण हातात पुरावा हवा. आमच्याकडे तोच नव्हता.

शेवटी १४,००० भरून कॅमेरा दुरुस्त झाला. वाचलेले अकरा हजार गेले, वर तीन हजार गेले, आणि कॅमेरा दुरुस्तीत असताना मोसमातली तीन लग्नं हातची गेली. वहिनी पोराला एका शब्दाने बोलली नाही. मोकळ्या मनगटावरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ. बिल मी वाचीन."