रोखीची मोटार, कर्जाची मोटार

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील उद्योजक, व्यापारी व व्यावसायिक यांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. मागासलेला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यातील ही घटना देशभर गाजली. कौतुकाच्या त्या गदारोळात एक तपशील मात्र काहीसा झाकोळला गेला. या रकमेपैकी ४० कोटींहून अधिक पैसा स्टेट बँकेने कर्जाऊ दिला होता आणि त्याच्या व्याजाचा दर सुमारे ७ टक्के असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

रोख मोजण्याची ऐपत असणाऱ्यांनी कर्ज का काढावे? ऋण काढून सण करू नये, या संस्कारात वाढलेल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील शिक्षकाला वा कारकुनाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नीतिशास्त्रात नसून अंकगणितात आहे. हाती असलेल्या पैशाची खरी किंमत तो अन्यत्र वापरला असता किती लाभ झाला असता, यावरून ठरते. जालन्याच्या एखाद्या पोलाद कारखानदाराला खेळते भांडवल १२ टक्क्यांनी उचलावे लागत असेल, तर स्वतःचे १० लाख रुपये मोटारीत गुंतवणे म्हणजे ७ टक्के वाचवण्यासाठी १२ टक्के मोजणे होय. शिवाय मोटार व्यवसायासाठी वापरली, तर कर्जाचे व्याज खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होते. त्याच्या दृष्टीने कर्ज हीच काटकसर ठरते.

पगारदाराचे गणित याच्या नेमके उलट असते. मोटारकर्जाच्या व्याजावर त्याला अशी सवलत नाही. उलट ठेवीवरील व्याज त्याच्या करपात्र उत्पन्नात धरले जाते. अशा वेळी विक्रेता त्याला एक मोहक हिशेब ऐकवतो. १० लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतल्यास एकूण व्याज सुमारे १ लाख ८८ हजार होते. तेच १० लाख त्याच दराने ठेवीत राहिले, तर व्याज ४ लाखांहून अधिक मिळते. मग कर्जच फायद्याचे नव्हे काय?

या हिशेबात एक गोष्ट सोयीस्करपणे वगळलेली असते. कर्जाचा सुमारे १९ हजार ८०० रुपयांचा मासिक हप्ता पगारातूनच जातो. मोटार रोखीने घेणारा तेवढीच रक्कम दरमहा त्याच दराने आवर्ती ठेवीत टाकू लागला, तर ५ वर्षांअखेर त्याच्याजवळही १४ लाखांच्या वर तितकीच पुंजी जमते. दोन्ही दर समान असताना दोन्ही मार्ग समान ठरतात. कर्जाचा दर वरचढ होताच, किंवा ठेवीच्या व्याजावर कर लागताच, रोखीची बाजू सरस ठरते. अर्थात, अडीअडचणीसाठी राखलेली पुंजी मोटारीत घालणे हेही शहाणपणाचे नाही.

दुसरा सापळा दराच्या नावात आहे. ‘सरळ ७ टक्के’ म्हणजे फेड होत असतानाही मूळ रकमेवर संपूर्ण मुदतभर आकारलेले व्याज. ५ वर्षांत ते साडेतीन लाख होते, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून सही करण्यापूर्वी दर कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारलेच पाहिजे.

व्यक्तीचा हिशेब येथे संपतो. समाजाचा मात्र उरतो. डिसेंबर २०१० मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी मर्सिडीजच्या या कर्जाशेजारी ट्रॅक्टरचे कर्ज ठेवून दाखवले. त्याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी कितीतरी चढे व्याज मोजावे लागत होते. ऐपतदाराकडून वसुलीची खात्री असते, म्हणून त्याला दर कमी, हा बँकेचा युक्तिवाद व्यवहाराला धरून आहे. परंतु मोटारीची किंमत शोरूमबाहेर पडताच घसरू लागते, आणि ट्रॅक्टर शेत पिकवतो. ज्याला कर्जाची गरज सर्वांत कमी, त्यालाच ते सर्वांत स्वस्त मिळावे, हा न्याय सार्वजनिक मालकीच्या बँकेने विनातक्रार स्वीकारावा काय, हा प्रश्न त्या मोटारी जुन्या झाल्या तरी जुना झालेला नाही.