रोखावे काय, सोडावे काय?

परीक्षा जवळ आली की सावंगी (मेघे) येथील वसतिगृहांतले दिवे पहाटेपर्यंत जळतात; चहाच्या जोरावर झोप परतवली जाते. चरकसंहितेत न रोखण्याचे १३ वेग सांगितले आहेत. त्यांत भूक, तहान, जांभई यांबरोबर झोप आणि अश्रूही आहेत! रोखायचे ते लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या यांसारखे मनाचे वेग. आपण नेमके उलटे करतो. झोप दाबतो, भयाला मोकळे सोडतो. शोक आवरावा, पण डोळ्यांतले पाणी अडवू नये, हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

भय आवरण्यास प्राणायाम उपयोगी पडतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. श्वास सावकाश, लांबवून सोडला की हृदयाची गती मंदावते. हे कोणासही स्वतःची नाडी धरून पाहता येईल. मात्र झोपेची वेळ खाऊन नव्हे.