नागपूरहून एका दिवसात किल्ला आणि डोंगर करायचाय? मग किलोमीटर नाही, तास मोजा

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो. "उद्या चिखलदरा. पहाटे निघू, गाविलगड बघू, रात्री घरी." खाली दहा-बारा अंगठे येतात आणि प्लॅन फिक्स होतो.

आता याचं साधं गणित करून बघू. नागपूर ते चिखलदरा अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. अमरावतीपर्यंत रस्ता मोठा आहे, पण परतवाड्यानंतर घाट लागतो. चहा-नाश्ता धरून एका बाजूचे पाच तास कुठे गेले नाहीत. म्हणजे पहाटे पाचला निघालेली गाडी दहा-साडेदहाला वर पोचणार. गाविलगड नीट बघायचा तर तीन तास हवेत. मग जेवण, एखादा पॉइंट, आणि निघेपर्यंत चार वाजतात.

डिसेंबरात या भागात सूर्य मावळतो साडेपाचच्या थोडं पुढेमागे. म्हणजे घाट संपतो न संपतो तोच अंधार. त्यानंतर चार तास ड्रायव्हिंग, तेही पहाटे चारला उठलेल्या माणसाचं. दिवसभराचा हिशोब काय, तर दहा तास गाडीत आणि तीन तास किल्ल्यावर.

याला सहल म्हणायचं की प्रवास, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण रिस्क कुठे आहे ते इथे कळतं. ती किल्ल्यावर कमी आणि परतीच्या रस्त्यावर जास्त आहे.

युरोपात फिरणारे काय करतात?

जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन हा किल्ला फोटोत तरी सगळ्यांनी पाहिलेला असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात आपले १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच अधिवेशनात या किल्ल्याचाही नंबर लागला. म्युनिकहून तिथे रोज हजारो लोक एका दिवसात जाऊन येतात. ट्रेनने फ्युसेनपर्यंत साधारण दोन तास, मग बस, मग अर्धा-पाऊण तासाचा चढ.

पण तिथे तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. ती चुकली की तिकीट वाया. त्यामुळे लोक प्लॅन उलटा करतात. आधी आत जायची वेळ, मग परतीची ट्रेन आणि शेवटी घरून निघायची वेळ. एका शहरात मुक्काम ठोकायचा आणि तिथून दोन तासांच्या आतलं एकच ठिकाण एका दिवशी करायचं, हा त्यांचा साधा हिशोब.

विदर्भात तिकिटावर वेळ छापलेली नसते, पण वेळेचं बंधन इथेही आहे. ते सूर्याचं, उन्हाचं, जंगलाच्या गेटचं आणि शेवटच्या एसटीचं.

त्यातही नागपूर पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतलं टाइमटेबल जसंच्या तसं उचललं की इथे अर्धा तास कमी पडतो तो असा.

मग नियम काय धरायचा?

सोपा नियम असा. एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या आत असेल तर एका दिवसात आरामात होतं. तीन तास असेल तर पहाटे निघायचं आणि एकच ठिकाण धरायचं. त्यापेक्षा जास्त असेल तर एक रात्र मुक्काम, विषय संपला.

या नियमात नागपूरच्या आसपासचे किल्ले बसवून बघू.

सीताबर्डी : अर्धा दिवस, पण तारीख पाळा

शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनजवळच्या टेकडीवर हा किल्ला आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथेच आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रज जिंकले आणि नंतर त्यांनी टेकडीवर किल्ला बांधला. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांना आत जायला मिळतं ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. त्या दिवशीच्या वेळा आदल्या दिवशीच्या पेपरात बघा आणि ओळखपत्र सोबत ठेवा.

नगरधन-रामटेक-मनसर : एका दिवसाचा हक्काचा प्लॅन

रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. किल्ला, डोंगर आणि उत्खनन, तिन्ही एका दिवसात बसतात.

हिवाळ्यात सकाळी साडेसहाला निघा. तर्री-पोहे खाऊनही आठ-साडेआठला नगरधनला पोचता. हा भुईकोट आहे, चढ नाही. आज दिसणारा किल्ला भोसल्यांच्या काळातला म्हणून ओळखला जातो, पण ही जागा कितीतरी जुनी आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं मानलं जातं. २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात इथे प्रभावतीगुप्ता राणीची मातीची मुद्रा सापडली. दीड हजार वर्षांपूर्वी मुलं लहान असताना राज्यकारभार हाती घेणारी ही राणी, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. हे माहीत असेल तर तासभर कसा जातो कळत नाही.

दहाच्या आसपास रामटेकचा गड चढायला घ्या. पायऱ्या नको असतील तर गाडीरस्ताही आहे. वर राममंदिराइतकीच वाकाटककालीन नरसिंहाची मंदिरं बघण्यासारखी आहेत. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, हे मत अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं. माकडांपासून पिशव्या तेवढ्या सांभाळा.

जेवण करून परतताना हायवेवर मनसरचं उत्खनन बघा. उजेड असतानाच नागपूर गाठता येतं. गाडी नसेल तर इतवारीहून रामटेकला पॅसेंजर जाते. फक्त परतीची वेळ आधी बघा आणि मग जायची ठरवा.

देवगड : तीन तासवाला

ज्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, त्याची राजधानी देवगड. हा किल्ला मध्य प्रदेशात, छिंदवाड्यापासून साधारण ४० किलोमीटरवर जंगलातल्या डोंगरावर आहे. पहाटे निघालात तर एका दिवसात होतो, पण त्याला दुसरं काही जोडू नका. पाणी आणि डबा घरूनच न्या.

गाविलगड : एक रात्र द्या

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे आणि गाविलगड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात. म्हणजे वेळ वनविभागाची चालते आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावंच लागतं.

हा किल्ला इंग्रजांनाही घाईत जमला नव्हता. डिसेंबर १८०३ मध्ये ऑर्थर वेलस्लीच्या फौजेतल्या एका तुकडीने डोंगराला वळसा घालून, रस्ता करत, तोफा ओढत उत्तरेची बाजू गाठली. त्यात कित्येक दिवस गेले. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी रघुजी भोसले दुसरे यांना देवगावचा तह करावा लागला. या इतिहासाला तीन तास धावतपळत देणं म्हणजे दरवाजापाशी फोटो काढून परत फिरणं.

शनिवारी दुपारी निघा, रात्री चिखलदऱ्यात रहा, रविवारी सकाळी किल्ला बघा आणि जेवून उतरा. घाट उजेडात संपतो.

निघण्याआधी हे तपासा

एप्रिल-मे मध्ये नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी दहानंतर उघड्या किल्ल्यावर चढू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या आणि धुक्यातला घाट यांच्यासाठी प्रवासाच्या वेळेत तासभर वाढवा. जंगलातल्या किल्ल्यांवर रेंज जाते, म्हणून कुठे चाललोय आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघा.

आणि प्लॅन नेहमी उलटा करा. सूर्य किती वाजता मावळतो ते बघा, त्यातून उतरण्याचा आणि घाटाचा वेळ वजा करा. जी वेळ उरते ती किल्ल्यावरून निघायची. ती वेळ झाली की बुरूज बघायचा राहिला असला तरी निघायचं. किल्ला पुढच्या रविवारीही तिथेच असतो.